पोटाचे टाके पिकू नयेत म्हणून

आतड्याचे ऑपरेशन झालेला माणूस घरी आला की वस्तीत दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "किती टाके पडले?" आणि चार-पाच दिवसांनी दुसरा, "टाके पिकले तर नाहीत ना?" दुसरा प्रश्न विचारणारी आपली आजी किंवा मावशी डॉक्टरकी शिकलेली नसते, पण तिचा प्रश्न अगदी नेमका असतो. ऑपरेशनच्या जागी जंतुसंसर्ग होणे, ज्याला डॉक्टर 'सर्जिकल साइट इन्फेक्शन' म्हणतात, त्यालाच आपण टाके पिकणे म्हणतो.

प्रश्न नेमका असला तरी उत्तरे मात्र आपण भलतीच देतो. कुणी म्हणते भात खाल्ला म्हणून पिकले. कुणी म्हणते डॉक्टरला हातगुण नव्हता. कुणी म्हणते कुणाची तरी सावली पडली. शेवटी 'नशिबात होते' म्हणून विषय संपतो. टाके पिकण्यामागे कारण असते, बहुतेक वेळा ते शोधता येते, आणि त्यातली बरीच कारणे आधी, दवाखान्यात आणि घरात टाळता येतात, एवढेच आम्हाला या पानावर सांगायचे आहे. कार्यकारणभाव मानणाऱ्या धम्माच्या अनुयायांना हे पटवून द्यावे लागू नये. पण लागते, म्हणून हा लेख.

आतड्याचे ऑपरेशन म्हटले की लोकांना कॅन्सर आठवतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहेच, पण वस्तीत इतर कारणेही नेहमी दिसतात. अपेंडिक्स फुटते. टायफॉइड अंगावर काढला तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याला भोक पडू शकते. आतड्याच्या टीबीने वाट अरुंद होऊन अन्न अडते. हर्नियात आतडे अडकून काळे पडते. यातली पुष्कळ ऑपरेशने दिवस ठरवून होत नाहीत, रात्री-अपरात्री घाईने करावी लागतात. आणि घाईच्या ऑपरेशनात टाके पिकण्याची भीती जास्त असते.

जीवकाने काय केले

विनयपिटकातील महावग्गात जीवक कोमारभच्चाची हकिगत आहे. तथागतांचा हा वैद्य. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाला कोलांट्या मारण्याच्या खेळात आतड्याला गाठ बसली. पेज पचेना, भात पचेना, मुलगा पिवळा पडून वाळत चालला. जीवकाने लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले, त्याच्या बायकोला समोर उभे केले आणि पोटाची कातडी चिरून आतडे बाहेर काढले. तिला गाठ दाखवली, पीळ सोडवला, आतडे परत आत ठेवले, कातडी शिवली आणि वर लेप लावला. काही दिवसांत मुलगा बरा झाला.

या हकिगतीत एक बारीक गोष्ट आहे. जीवकाने पोट उघडले, पण आतडे कापले नाही, फक्त पीळ मोकळा केला. हा फरक फार मोठा आहे. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात आणि तिथे ते आपले शत्रू नसतात, अन्नाच्या उरलेल्या भागावर जगतात, काही जीवनसत्त्वेही तयार करतात. पण तेच जंतू आतड्याच्या नळीबाहेर, कापलेल्या मांसात आणि चरबीत पोचले की पू करतात. गुडघ्याचे किंवा थायरॉइडचे ऑपरेशन कोरड्या, स्वच्छ जागेवर होते. आतडे कापावे लागते तेव्हा डॉक्टरला जणू गटाराची पाइपलाइन फोडून, एक थेंब न सांडता, पुन्हा जोडायची असते. आणि अपेंडिक्स किंवा टायफॉइडचे आतडे आधीच फुटलेले असेल तर घाण पोटभर पसरल्यावरच डॉक्टरच्या हातात काम येते.

म्हणूनच आतड्याच्या ऑपरेशनचे टाके इतर ऑपरेशनांपेक्षा जास्त पिकतात, चांगल्या डॉक्टरच्या हातूनही पिकतात. मात्र सगळीकडे सारखे पिकत नाहीत. ६६ देशांतल्या पोटाच्या ऑपरेशनच्या १२ हजारांहून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांत पुढारलेल्या देशांत शंभरातल्या ९ जणांचे टाके पिकले, मधल्या देशांत १४ जणांचे, आणि गरीब देशांत २३ जणांचे. आतडे सगळ्यांचे सारखेच, जंतूही तेच. मग हा फरक नशिबाने पडला काय? तो पाण्याने, गर्दीने, उशिराने, अशक्तपणाने आणि दवाखान्याच्या शिस्तीने पडतो.

ऑपरेशनच्या आधी

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. पोट बेंबीपाशी दुखू लागले, मग दुखणे उजवीकडे खाली सरकले, ओकारी झाली, ताप चढला, की आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेतात, एरंडेल पाजतात, गल्लीतल्या बोगस डॉक्टरकडून दोन इंजेक्शने घेतात. यात दोन दिवस जातात. न फुटलेले अपेंडिक्स काढणे आणि फुटलेले काढणे यांत टाके पिकण्याच्या हिशेबाने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोट दगडासारखे कडक झाले असेल, फुगले असेल, वारा सरत नसेल, तर चोळू नका, जुलाब देऊ नका, काही खाऊ-पिऊ घालू नका. सरळ जिथे ऑपरेशनची सोय आहे अशा रुग्णालयात न्या.

ऑपरेशन ठरवून असेल तर तयारीला दिवस मिळतात. त्यात विडी-सिगारेट आधी येते. निदान चार आठवडे आधी ती पूर्ण सोडावी. धुराने रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त आणि प्राणवायू कमी पोचतो, आणि ज्या जागी रक्त कमी तिथे जंतूंचे फावते. गुटखा, तंबाखू आणि आपल्या बायकांची मिश्री यांतही निकोटिन आहेच, तेव्हा 'मी कुठे विडी ओढते' असे म्हणून सुटका नाही. दारूबद्दल आम्ही निराळे सांगत नाही. पाचवे शील सर्वांना पाठ आहे.

दुसरी शुगर. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपल्याला माहीत आहे. आज वस्तीत कितीतरी घरांत शुगरचा एक तरी रुग्ण आहे, आणि ज्यांनी कधी तपासलीच नाही असेही बरेच आहेत. रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. ऑपरेशनच्या वेळी आणि त्यानंतरचे दिवस शुगर २०० च्या खाली राहावी असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. शुगरची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या दिवशी घ्यायची की नाही हे विचारून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका.

मोठ्या आतड्याच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनाआधी आतडे रिकामे करायला जुलाबाचे पावडर पाण्यातून प्यायला देतात. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे की नुसता जुलाब देऊन भागत नाही, त्याच्या जोडीला पोटातून अँटिबायोटिकच्या गोळ्याही द्याव्यात, म्हणजे आतड्यातले जंतू कमी होतात. हे पाणी दोन-तीन लिटर असते, चव वाईट, आणि पंधरा-वीस वेळा जावे लागते. आता विचार करा, संडास सार्वजनिक, रात्री दिवा नाही, रांग आहे. आमच्या बायका अशा वेळी निम्मे पाणी ओतून देतात आणि 'सगळे प्यायले' म्हणून सांगतात. लाज आणि अडचण खरी आहे, तिला आम्ही हसणार नाही. पण अर्धवट रिकामे आतडे पोटात सांडते. म्हणून डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा, आमच्याकडे घरात संडास नाही, आम्हाला आदल्या दिवशीच भरती करून घ्या. तसे जमले नाही तर घरातच पडदा लावून, मधोमध भोक पाडलेली खुर्ची आणि खाली बादली, एवढी सोय एका रात्रीपुरती करता येते.

आदल्या रात्री किंवा सकाळी साबण लावून अंघोळ घालावी. बेंबी नीट साफ करावी, नखे कापावीत, नेलपॉलिश, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात. आणि घरी पोटावरचे केस वस्तऱ्याने काढू नयेत. ही चूक फार होते. वस्तऱ्याने कातडीला डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात आणि त्यांत रात्रभरात जंतू वाढतात. केस काढायची गरज सहसा नसते. असलीच तर ते रुग्णालयात मशीनने कातरावेत. वॉर्डात कुणी वस्तरा घेऊन आला तर 'मशीन नाही का?' असे विचारायला हरकत नाही.

दवाखान्यात विचारायला लाजू नका

आपल्या माणसाला डॉक्टरला प्रश्न विचारायची भीती वाटते. डॉक्टर रागावतील, सिस्टर तोंड फिरवतील, मग नीट बघणार नाहीत, असे मनात असते. काही ठिकाणी तसा अनुभव येतोही. तरी हात जोडून उभे राहण्यापेक्षा नम्रपणे दोन प्रश्न विचारणे बरे. पोटावर चीर देण्याआधी अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिले जाणार आहे ना, हा पहिला. ते चीर देण्याच्या आधीच्या दोन तासांत रक्तात जायला हवे. नंतर दिले तर त्याचा हा उपयोग राहत नाही. ऑपरेशन स्वच्छ पार पडले असेल तर पुढे आठवडाभर इंजेक्शने चालू ठेवल्याने टाके पिकणे कमी होत नाही, उलट जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात. 'पाच दिवस भारी अँटिबायोटिक लिहा' असा आग्रह आपणच धरतो, तो धरू नये. पोटात आधीच पू किंवा घाण असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक हा उपचार आहे आणि तो सांगितलेले दिवस पुरा करायचा.

दुसरा प्रश्न रुग्णाला गरम ठेवण्याचा. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याचे ऑपरेशन होणारे २०० रुग्ण होते. निम्म्यांचे अंग ऑपरेशनच्या वेळी गरम राखले, बाकीच्यांचे नेहमीसारखे थंड होऊ दिले. गरम राखलेल्यांपैकी शंभरात ६ जणांची जखम पिकली, थंड झालेल्यांपैकी १९ जणांची. एसीच्या थिएटरबाहेर स्ट्रेचरवर पातळ गाऊन घालून तासभर कुडकुडणारा म्हातारा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. धुतलेले ब्लँकेट बरोबर न्या आणि आत नेईपर्यंत अंगावर राहू द्या.

आतले काम डॉक्टरांचे, त्यात आपले काही चालत नाही. तरी एक गोष्ट कळावी म्हणून सांगतो. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३ हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि हत्यारे बदलली तर काय होते हे पाहिले. टाके पिकण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १९ वरून १६ वर आले. म्हणजे एवढ्या साध्या गोष्टीने फरक पडतो. उलट जंतुनाशक लावलेला महाग धागा साध्या धाग्यापेक्षा सरस ठरतो का, हे अशाच देशांत तपासले तेव्हा फरक दिसला नाही. तेव्हा महाग धागा आणायला पैसे नव्हते म्हणून टाके पिकले, अशी खंत कुणी मनात धरू नये.

वॉर्डात आपल्या हातात जे आहे ते म्हणजे गर्दी. आमचा समाज माणूसवेडा आहे. एक जण भरती झाला की चाळीस जण भेटायला येतात, पलंगावर बसतात, चादर सारून जखम बघतात, त्याच हाताने केळे सोलून देतात. भेटायला या, पण पलंगावर बसू नका आणि पोटाला हात लावू नका. जवळ राहणारे माणूस एकच असावे आणि त्याने रुग्णाला हात लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली असावी, जमिनीला टेकू नये. आणि डॉक्टरांनी उठायला सांगितले की रुग्णाला उठवून चालवावे, दया येऊन झोपवून ठेवू नये.

घरी आल्यावर

टाके पिकण्याचा काळ सहसा पाचव्या दिवसानंतर सुरू होतो, आणि तोवर रुग्ण पुष्कळदा घरी आलेला असतो. म्हणून खरी राखण घरच्यांची. तीस दिवस जखमेवर लक्ष ठेवायचे, हा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावा.

ऑपरेशनच्या वेळी लावलेली पट्टी पहिले दोन दिवस डॉक्टर-सिस्टरखेरीज कुणी उघडू नये. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली की अंगावर पाणी घेऊन साधी अंघोळ करता येते, मात्र तांब्याने अलगद पाणी घ्यावे, जखम चोळू नये, टबात किंवा नदीत बसू नये, आणि धुतलेल्या वेगळ्या फडक्याने टिपून कोरडे करावे. नळाला तासभर पाणी येणाऱ्या वस्तीत हात धुवायला पाणी कुठून, असे विचारले जाते. तोटीची झाकणबंद कळशी किंवा डबा फक्त हात धुण्यासाठी बाजूला ठेवा, शेजारी साबण. जखमेला हात लावणाऱ्याने आधी अर्धा मिनिट साबण चोळून हात धुवावेत, नखांखालीही. परकराची किंवा लेंग्याची नाडी जखमेवर घासत असेल तर काही दिवस गाऊन किंवा सैल लुंगी बरी. खोकला आला तर पोटावर उशी धरून खोकावे. हंडा, कळशी, सिलिंडर दीड महिना तरी उचलायचे नाहीत, कारण आतले टाके जुळायला वेळ लागतो, आणि पिकलेल्या जखमेच्या जागी पुढे हर्निया होण्याची भीती जास्त असते.

जखमेवर हळद, राख, खोबरेल, भंडारा, कापूर, चुन्याचे पाणी यांपैकी काहीही लावू नये. मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिकचे पावडरही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. शिवलेल्या जखमेला कोरडेपणा आणि स्वच्छ हात पुरतात.

आता खाण्याबद्दल. भात, बटाटा, वांगे, हरभऱ्याची डाळ, अंडे, मटण खाल्ले की टाके पिकतात, ही समजूत घरोघरी आहे. तिच्यामुळे रुग्णाला महिनाभर नुसती पेज आणि मूगडाळीचे पाणी मिळते. पू जंतूंनी होतो, वांग्याने नाही. नवी कातडी आणि नवे मांस विणायला प्रथिने लागतात, आणि ती ज्या पदार्थांत आहेत तेच आपण बंद करतो. पहिल्या दिवसांत आतडे जुळेपर्यंत काय द्यायचे हे डॉक्टर सांगतील, ते तंतोतंत पाळा. पण एकदा साधे जेवण सुरू करायला सांगितले की डाळ, अंडे, मासळी, दूध, सोयाबीन, भाजलेले शेंगदाणे, जे परवडेल ते रोज द्या. रुग्ण आधीच अशक्त असेल तर हे औषधाइतकेच महत्त्वाचे.

आणखी एक समजूत आम्हाला जास्त टोचते. पाळी आलेल्या बाईची सावली पडली की जखम चिघळते, म्हणून मुलीला, सुनेला रुग्णाच्या खोलीत येऊ देत नाहीत. जयंतीला निळा झेंडा लावणाऱ्या, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असलेल्या घरांत हे चालते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या सावलीलाही विटाळ मानला गेला. तो विटाळ खोटा होता आणि हाही खोटाच आहे. सावलीतून जंतू उडत नाहीत. उलट, घरात साबणाने हात धुऊन, नीट पट्टी बदलणारी तीच एक मुलगी असते आणि आपण तिलाच दाराबाहेर बसवतो. जंतू न धुतलेल्या हातावर असतो. हात पुरुषाचा की बाईचा, पाळीतला की नाही, हे तो पाहत नाही.

काही रुग्णांचे आतडे पोटावर काढून तिथे पिशवी लावलेली असते. तिला स्टोमा म्हणतात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, भरून फुटेपर्यंत थांबू नये, कारण तिच्यातली घाण शेजारच्या टाक्यांवर ओघळली तर सगळी मेहनत वाया जाते. प्लेटचे भोक स्टोमाच्या मापाचे कापावे, भोवतीची कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. पिशवी बसवायला स्टोमा क्लिनिकमध्ये शिकवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असे क्लिनिक आहे. घरातल्या निदान दोन माणसांनी हे शिकून घ्यावे, सगळा भार बायकोवर टाकू नये.

महावग्गातच दुसरी एक हकिगत आहे. पोटाच्या विकाराने आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. इतर भिक्खूंनी त्याची विचारपूस केली नव्हती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर ठेवले. त्यानंतर शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगताना, मलमूत्र-ओकारी काढण्याची ज्याला किळस येत नाही, हा एक गुण त्यांनी सांगितला. रुग्णाचेही गुण सांगितले. त्यांत एक असा की रुग्णाने शुश्रूषा करणाऱ्याला आजाराचे खरे सांगावे, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला.

टाके पिकण्याच्या बाबतीत हा शेवटचा गुण आमच्याकडे नेमका कमी पडतो. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांचे फुटलेले अपेंडिक्स काढले होते. आठव्या दिवशी जखमेचे खालचे टोक लाल होऊन दुखू लागले. त्यांनी कुणाला सांगितले नाही, कारण आधीच उसनवार झाली होती आणि मुलाने कामावर चार खाडे केले होते. बाराव्या दिवशी शर्ट पुवाने भिजला तेव्हा घरच्यांना कळले. पहिल्या दिवशी दाखवले असते तर दोन टाके उघडून काम झाले असते. पुढे त्यांची जखम भरायला दोन महिने लागले आणि त्यात उसनवारी आणखी वाढली.

काय दिसले तर थांबायचे नाही? जखमेभोवतीची लाली पसरू लागली, जागा गरम लागली, सूज आली, दुखणे दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढले, पिवळा-हिरवा पू किंवा वास आला, टाका सुटला, ताप आला. काळ्या-सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या पालथ्या बाजूने गरमपणा आणि कडकपणा पाहावा. यांपैकी काहीही असले तर त्याच दिवशी दाखवावे. पुवावर मेडिकलमधून मनाने आणलेल्या गोळ्या चालत नाहीत. पू आत कोंडला असेल तर एक-दोन टाके उघडून त्याला वाट करून द्यावी लागते, आणि ते दवाखान्यातच होते.

काही खुणा त्याहून गंभीर आहेत. पोट फुगले, ओकाऱ्या सुरू झाल्या, वारा सरणे थांबले, थंडी वाजून ताप आला, नाडी जोरात चालू लागली, रुग्ण मलूल झाला, तर आतली जोडलेली जागा गळत असू शकते. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास कोरड्या जखमेतून अचानक फिकट गुलाबी पाणी भळभळू लागले तर आतले टाके सुटत असल्याची ती खूण असते. आतडे बाहेर दिसले तर आत ढकलू नका. स्वच्छ फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून वर झाका, रुग्णाला उताणा निजवून गुडघे वाकवा, तोंडाने काही देऊ नका, आणि १०८ ला फोन करा.

परत जाताना शक्यतो ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथेच जावे, कारण आत काय केले आहे हे त्यांना ठाऊक असते. डिस्चार्ज कार्ड, आधीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, आधार आणि रेशन कार्ड एका पिशवीत आधीच भरून ठेवावे. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले असेल तर घरी सोडल्यानंतरच्या तपासणीचा, औषधांचा आणि गुंतागुंतीचा किती दिवसांचा खर्च त्याच पॅकेजमध्ये धरलेला आहे, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सुटी मिळण्याच्या दिवशीच विचारून कार्डावर लिहून घ्यावे. तपासणीला गेल्यावर डॉक्टर घाईत असले तरी शर्ट वर करून जखम दाखवल्याशिवाय, आणि पहिला ताप कोणत्या दिवशी आला ते सांगितल्याशिवाय, केबिनमधून बाहेर पडू नये.